घरात हाय त्यातच!

पापडाचा डबा रिकामा होत आला की तळाशी चुरा दिसायला लागतो. तो कोणी मुद्दाम जमवत नाही. पापड काढता काढता आपोआप जमतो, अन् एक दिवस डबा हलवून पाहावा तर पापड दोनच अन् चुरा वाटीभर! आमच्या गल्लीतल्या सांजच्या जेवणाचं तसंच झालं आहे. जेवण जेवून झालं, पचून गेलं. गोष्टींचा चुरा तेवढा राहिला.

दिग्रसला जिनिंगच्या मागच्या गल्लीत आमची चार घरं ओळीनं आहेत. पहिलं माझं, मुलगा पुण्यात. दुसरं गोमतीचं. तिसरं शकीलाचं, तिच्या मुलाचं नागपूरला गॅरेज. चौथं चांदीबाईचं. ती तांड्यावरची, दोन्ही पोरी दूर दिल्या. चार घरं, चार गॅस, चार कुकर, अन् खाणारी तोंडंही चारच!

एका सांजेला चारही कुकर एकदमच शिट्ट्या द्यायला लागले. चांदी दारात येऊन ओरडली, "अवं बायांनो, कोणाकडं पाहुणे आले वं? इतक्या शिट्ट्या वाजून राह्यल्या!"

"कायचे पाहुणे!" मी म्हटलं. "माह्या कुकरात वाटीभर तांदूळ हाय."

"माह्या अर्धी वाटी," गोमती आतून म्हणाली.

शकीला पदर सावरत बाहेर आली. "मेरे में तो कल का वरण गरम हो रहा है."

चांदीनं कपाळाला हात लावला. "म्हंजे चार कुकर मिळून एक माणूस जेवून राह्यला!"

दुसऱ्या दिवसापासून एकच कुकर लागायला लागला, गोमतीच्या घरी. तिचं स्वयंपाकघर मोठं.

*

नियम चांदीनं घातला. घरात हाय त्यातच करायचं! दिवा लागल्यावर कोणी दुकानात जायचं नाही. एकीकडे दोन वांगी असतात, एकीकडे मूठभर तुरीचे दाणे, एकीकडे सकाळचं वरण. आणायचं, मांडायचं, पाहायचं, अन् अर्ध्या तासात ताटं वाढायची.

त्यात गोमतीनं आपलं एक जोडलं. रोज एक भाकर जास्तीची करायची, संजूच्या नावाची.

संजू तिचा एकुलता एक. तीन वर्षांमागं त्याचं काम सुटलं होतं, घरीच असायचा. एका सांजेला तो जेवायला बसला होता, अन् भाकर वाढता वाढता हिच्या तोंडून निघून गेलं, "बसून गिळतो नुसता!" पोरगं अर्ध्या ताटावरून उठलं. हात धुतले, चपला घातल्या अन् गेलं. मग वणीकडे कोळशाचा ट्रक चालवायला लागलं. सणावाराला संजू फोन करायचा. "बरा हाय. तू बरी हायस?" एवढं विचारायचा अन् ठेवायचा. घरी म्हणून आला नव्हता. गोमतीचं बाकी काही मागणं नव्हतं. त्यानं एकदा आपल्या हातचं पोटभर जेवून उठावं, एवढ्यावर ती बाई जगत होती.

*

नियमानं कधी कधी फजितीही व्हायची. एका दिवशी आधी कोणी कोणाला विचारलं नाही. मी डब्यातलं बेसन नेलं. शकीला आली, तिच्या हातात बेसन. चांदी आली, पदराखाली झाकून काहीतरी आणलं होतं. आम्हाला वाटलं, हिनं काही खास आणलं. पदर काढला तर बेसन! अन् गोमतीनं तर ते आधीच कालवून ठेवलं होतं.

दुकानात तर जायचं नाही. मग काय करता! गोमतीनं कांद्याचं पातळ बेसन केलं. मी पातोडीचा रस्सा केला. शकीलाच्या घरी ताक होतं, तिनं गोळ्याची कढी केली. चांदीनं लसूण-मिरची घालून कोरडा झुणका हाणला.

ताटाकडे पाहून चांदी म्हणाली, "नवरदेव बेसन, नवरी बेसन, अन् वऱ्हाडीही बेसनच! सोयरीक तरी कोणी जमवली वं?"

हसून हसून शकीलाला ठसका लागला. गोमतीही हसली. मग पातोडीची एक वाटी तिनं हळूच बाजूला झाकून ठेवली. "त्याले लय आवडते," म्हणाली.

*

ती जास्तीची भाकर सकाळी कडक होऊन जायची. गोमती ती चहात बुडवून खायची, दुसरं काही खायचीच नाही. एक दिवस चांदीला राहवलं नाही.

"रोज एक भाकर वाळवतं तू. पोरगं का वासानं येणार हाय?"

आम्हाला वाटलं, आता दोघींचं जुंपते. पण गोमती पीठ मळता मळता म्हणाली, "कोयशाच्या धुळीत त्याले वास लागत नाही. वास लागला असता, तर हप्त्यातून एक केली असती. नाही लागत, म्हून रोज करा लागते."

दुसऱ्या दिवशी चांदी आपल्या घरचं ज्वारीचं पीठ घेऊन आली, फक्त त्या एका भाकरीपुरतं.

*

माझी सून पुण्याहून व्हिडिओ कॉल करते. नोकरीवरून थकून येते बिचारी. एका सांजेला म्हणाली, "आई, काय करू सांगा ना. घरात काहीच नाही!"

मी म्हटलं, "फ्रिज उघड. मोबाईल आत धर."

तिनं धरला. आम्ही चौघी डोक्याला डोकं लावून पाहतो तर काय! भाज्या, दूध, पनीर, चार तऱ्हेच्या चटण्या, कसल्या कसल्या बाटल्या. वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात नजर पोहोचायला वेळ लागला.

चांदी ओरडली, "अवं बाई, ह्यात तर तेरवीचा स्वयंपाक होते!"

सून इतकी हसली की मोबाईल फ्रिजमध्येच पडला. मग मी तिला उकडपेंडी सांगितली. फोडणीत कांदा-मिरची, त्यावर कणीक खमंग भाजायची, ताकाचा हबका मारायचा, वरून सांभार, म्हणजे तिच्या पुण्याची कोथिंबीर, अन् झाकण ठेवायचं. पंधरा मिनिटांत झाली. मुलानं बशी मोबाईलसमोर धरून दाखवली. "आई, तुझ्यासारखीच झाली," म्हणाला अन् खायला खाली वाकला.

त्याच्या डोक्यावर मधोमध टक्कल पडलं आहे. मला ते असं मोबाईलवर समजलं.

*

रमजानमध्ये शकीलाचा रोजा. आम्ही म्हटलं, ती उपाशी असताना आपण कसं जेवायचं? मग तिघींनीही ताटं वाढून अजान होईपर्यंत बसायचं ठरवलं. पहिल्या दिवशी मोठा उत्साह! चौथ्या दिवशी कांद्याच्या भज्यांचा वास सुटलेला, अन् गोमतीच्या पोटात असा आवाज झाला की शकीलानं वळून पाहिलं.

"खा लो ना बाई! तुम्हारा कौनसा रोजा है?"

गोमती मानी. "मले भूकच नाही!"

तेवढ्यात अजान झाली. शकीलाची खजूर हातातच होती, ती अजून दुआ म्हणत होती, अन् गोमतीचं दुसरं भजं तोंडात!

शकीला म्हणाली, "अल्ला मेरा रोजा कबूल करे न करे, इसका तो पक्का किया होगा!"

*

एकदा भाकरी अर्ध्या झाल्या अन् गॅस संपला. चौघींचे सिलिंडर एकापाठोपाठ एक संपले होते, नंबर लावून बसलो होतो. मग मागच्या अंगणातली जुनी चूल साफ केली. तुऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या काड्या, ओलसर होत्या, पेटता पेटेनात. धूर असा झाला की चौघींच्या डोळ्यांतून धारा.

मी फुंकणी मारत होते. मारता मारता मला माझी माय आठवली. ती अशीच चुलीपुढं बसून आधी आम्हा सहा भावंडांना वाढायची. शकीलानं डोळे पुसले, परत पुसले, मग पुसायचं सोडूनच दिलं. गोमती तर भिंतीकडे तोंड करून बसली. कोणी कोणाला "काहून रडतं?" म्हटलं नाही. धूर तर होताच!

भाकरी करपल्या. मिरचीच्या ठेच्यासोबत खाल्ल्या. पण जेवून उठताना चौघींनाही असं हलकं वाटत होतं म्हणून सांगू!

चांदी नाक पुसत म्हणाली, "गॅस आला तरी हप्त्यातून एक दिवस चूल पेटवत जाऊ बाई."

*

आता ही शेवटची. ही मी फार कोणाला सांगत नाही.

थंडीचे दिवस होते. त्या सांजेला निघाली पालकाची जुडी अन् तुरीची डाळ, म्हणून डाळभाजी केली. मी फोडणी दिली, शकीला ढवळायला बसली. गोमती तिकडं तव्यापुढं भाकरी थापत होती. बाहेरच्या रस्त्यावर एक ट्रक थांबला, त्याकडं कोणी लक्ष दिलं नाही. गल्लीच्या तोंडाशी ट्रक थांबतच असतात.

मग दारात माणूस उभा राहिला. पापण्यांपर्यंत काळा. चांदीनं आधी ओळखलं. तिनं माझा दंड आवळून धरला.

"पुसदले माल घेऊन चाललो होतो," संजू म्हणाला. आईकडे पाहून नाही, दाराच्या चौकटीकडे पाहून.

गोमतीनं मान वर केली. भाकर तिच्या दोन्ही हातांवर तशीच. "ये" म्हणाली नाही, "कसा हायस" म्हणाली नाही.

"हात धू," म्हणाली.

तो मोरीत गेला. पाणी काळं काळं वाहत होतं. इकडं चांदीनं घाईघाईनं ताट केलं, डाळभाजी वाढली अन् त्याच्या जागेवर नेऊन ठेवलं. तेवढ्यात शकीला माझ्या कानाशी लागली.

"मीठ डाली थी क्या तूने?"

"हो. फोडणीतच."

तिचा चेहरा उतरला. "मैंने भी डाली ना!"

मी बोट बुडवून चाटलं. तोंड कडू पडलं हो! तीन वर्षांनी पोरगं जेवायला आलं, अन् आम्ही दोघींनी मिळून त्याच्या ताटात समुद्र वाढून ठेवला. मी उठणार तेवढ्यात तो येऊन बसला, भाकरीचा तुकडा मोडला, डाळभाजीत बुडवला अन् तोंडात घातला.

त्याचं चावणं थांबलं.

गोमती आमच्याकडं पाठ करून तव्यापाशी बसलेली. तिनं अजून काहीच चाखलं नव्हतं. तिनं न वळताच विचारलं, "मीठ बराबर हाय?"

चांदी बोलायला तोंड उघडत होती. मी तिला चिमटा काढला.

संजूनं घास गिळला.

"कमी हाय," म्हणाला.

गोमतीचे गुडघे दुखतात. जेवणाच्या वेळी ती जागची उठत नाही, हे आम्हाला माहीत. ती गुडघ्यावर हात देऊन उठली. मिठाचा डबा घेऊन त्याच्यापाशी आली, वाकली, अन् चिमूटभर मीठ आपल्या हातानं त्याच्या ताटात टाकलं. तो तिच्या हाताकडे पाहत होता. तव्यानं भाजून भाजून बोटं काळी पडलेली.

त्यानं ते मीठ कालवलं. खाल्लं.

गोमती परत जायला वळली, तर म्हणाला, "माय, अजून थोडं."

ती परत वळली. परत वाकली. परत चिमूट. आता ती गेलीच नाही, डबा मांडीवर घेऊन तिथंच त्याच्या ताटासमोर बसली. तव्यावरची भाकर जळत होती, ती मी उतरवली.

"डाळभाजी वाढू अजून?" तिनं विचारलं.

"वाढ," संजू म्हणाला. "अन् वरून मीठ."

शकीला उठली. तिनं पाण्याचा तांब्या भरला अन् त्याच्या उजव्या हाताशी ठेवला. क्षणभर उभी राहिली, ताटाकडे पाहिलं, अन् मग आत जाऊन कळशीच उचलून आणली.