पार्किंगमधला टर्की

आमच्या शेजारची मुलगी इथे अमेरिकेत, श्रूजबरीतच हायस्कूलला आहे. गळ्यात कायम कॅमेरा आणि तोंडात एकच वाक्य: “काकू, हलू नका, लाइट मस्त आहे!” एकदा तिच्यापायी मी गरम कढई हातात धरून तशीच उभी राहिले. बोटं भाजली, पण फोटो खरंच छान आला.

शनिवारी ती चर्चच्या मुलांबरोबर तिथल्या अंगणात टेबलं मांडून म्हाताऱ्या माणसांना जेवण वाढते. परवा मीही मदतीला गेले. शाळेच्या फोटो स्पर्धेचा तो शेवटचा दिवस होता आणि तिच्याकडे पाठवायला मनासारखा एकही फोटो नव्हता. त्यात परीक्षा जवळ आलेली, म्हणून वाढता वाढता ती केमिस्ट्रीचे फॉर्म्युले पुटपुटत होती. तेवढ्यात पार्किंगमध्ये एक रानटी टर्की, कोंबड्याच्या जातीचा पण चांगला थोराड पक्षी, आला आणि उन्हात पिसारा फुलवून उभा राहिला.

“काकू, हाच!” म्हणत ती डांबरावर पालथी पडली.

पण टर्की वळला तो थेट वॉकर घेऊन येणाऱ्या एका आजोबांकडे. आजोबा जागीच थिजले. पोरीने कॅमेरा माझ्या हातात कोंबला, सूप वाढायचा डाव उचलला आणि “शू! गो अवे, यार!” असं ओरडत ती धावली. टर्की झाडीच्या कडेला जाऊन रागाने बघत राहिला. फोटो हुकला तो हुकलाच.

धापा टाकतच तिने आजोबांना खुर्चीत बसवलं आणि वाडगा पुढे केला.

“सूप कसलं आहे, बाळा?” आजोबांनी विचारलं.

तिने झाडीकडे एक नजर टाकली आणि त्यांच्या कानाशी वाकून कुजबुजली, “टर्कीचं. पण हळू बोला.”