म्हणे रोमन वस्ती!

"कतारला इतिहास असा आहेच काय हो?" हा प्रश्न मला दोह्यात पहिल्यांदा विचारला तो आपल्याच एका माणसाने. अल दुहैलला आमच्या वसाहतीत पॉटलक होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणलेला, त्याच्या हातात साबुदाणा वड्यांची डिश होती. "वाळू आणि गॅस. झालं!" असं स्वतःच उत्तर देऊन तो हसला आणि भोवतीचे सगळे हसले. माझा नवराही. घरी आल्यावर मी त्याच्याशी धड बोलले नाही.

मी पुण्यात पुरातत्त्व शिकलेली बाई. गोदावरीच्या काठी उत्खननाच्या खड्ड्यात उकिडवं बसून ब्रशने खापरं साफ केलेली. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले आणि माझं शिक्षण नाशिकच्या घरी ट्रंकेत राहिलं. पण एखाद्या देशात राहायचं, तिथला पगार खायचा, मुलगी तिथल्या शाळेत घालायची आणि इथे काहीच नाही म्हणून हसायचं, हे मला तेव्हाही सहन व्हायचं नाही, आजही होत नाही.

त्या चिडीतूनच माझ्या शुक्रवारच्या, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवसाच्या, फेऱ्या सुरू झाल्या. उत्तरेकडे, मुख्य रस्ता सोडून कच्च्या वाटेने आत गेलं की एक जुनी वस्ती आहे. अब्बासी खलिफांच्या काळातली, हजार-बाराशे वर्षांपूर्वीची. बघायला गेलं तर काहीच नाही: गुडघ्याएवढ्या दगडी भिंती, एका जोत्याला लागून दुसरं जोतं, एका लहानशा किल्ल्याचा चौकोन, आणि मशिदीची जमीन, जिच्या एका भिंतीला मक्केच्या दिशेचा अर्धगोल कोनाडा अजून ओळखू येतो. पण हळू चाललं, कुणी दाखवत नेलं, तर ती वस्ती उभी राहते. हे दार, ही चूल, इथून बाई विहिरीवर पाण्याला गेली असेल. थंडीच्या दिवसांत मी पाच-सहा जणांना न्यायचे. पैसे घ्यायचे नाही. अटी दोनच: भिंतीवर चढायचं नाही आणि काही उचलायचं नाही.

या फेऱ्यांना एक कतारी बाई यायला लागली. अल रय्यानला राहणारी, शाळेत शिकवून निवृत्त झालेली. तिचं आजोळ त्याच भागातलं, किनाऱ्यावरच्या एका मोती काढणाऱ्यांच्या गावातलं, जे आता ओस पडलं आहे. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, म्हणून मीही म्हणायला लागले. ती हिंदी बोलायची, सिनेमे पाहून शिकलेली, झकास. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "तू हिंदुस्थानची. तुला आमच्या दगडांचं काय पडलंय?" मी म्हटलं, "खाला, दगड कुणाचेही असोत, ते वाचायला मी शिकलेय." तिने थर्मासमधली कॉफी माझ्यासाठी ओतली आणि पुन्हा तो प्रश्न कधी काढला नाही.

मग फुटबॉलच्या वर्ल्ड कपचं वारं सुरू झालं. जिकडे बघावं तिकडे क्रेन. आज होता तो रस्ता उद्या नसायचा. आणि रोज एखादी नवी कंपनी: कुणी तंबू पुरवणार, कुणी बस, कुणी पर्यटकांना फिरवणार. अशाच एका नव्या कंपनीचा मॅनेजर माझ्या फेरीला आला. ठाण्याचा मुलगा, तिशीतला, कॉन्ट्रॅक्टवर आलेला, बोलायला गोड. फेरी संपल्यावर म्हणाला, "ताई, तुम्ही जे करताय ना, ते सोनं आहे. आमच्याकडे या. रीतसर नोकरी, व्हिसाचं कंपनी बघेल. सामने बघायला लोक येतील, मधल्या दिवसांत त्यांना आपण हे दाखवू."

खरं सांगते, मी हरखून गेले. इतक्या वर्षांनी माझ्या विषयाचं काम! मी मन लावून सगळी फेरी लिहून काढली. कुठे उभं राहायचं, कुठे गप्प राहायचं, मुलांना काय विचारायचं. नव्या गाइडना शिकवलं. काही महिने फार छान गेले.

एक दिवस ऑफिसात टेबलावर माहितीपत्रकाचा नमुना आला. वर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं: कतारमधलं हरवलेलं रोमन ठाणं.

मला वाटलं, छापणाऱ्याची चूक. दुसऱ्या कुठल्या देशाचं पत्रक आमच्यात मिसळलं असेल. मी ते घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले.

"हे काय आहे?"

"बसा ना ताई. चहा?"

"चहा नको. रोमन कुठून आले?"

तो हसला. "ऐका ना. युरोपातून लोक येणार. त्यांना अब्बासी म्हटलं तर काही कळतं का? रोमन म्हटलं की डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं."

"रोमन माल समुद्रातून या बाजूला आला असेल. रोमन माणूस इथे घर बांधून राहिला नाही. त्या वस्तीत तर शक्यच नाही. तिथे मशीद आहे, मशीद! मशीद काय रोमनांनी बांधली?"

"ताई, मशिदीचं काय, तिथे आपण थोडं पटकन पुढे जायचं."

थोडं पटकन पुढे जायचं! त्या वस्तीत जे सर्वांत मोलाचं, जिथे मी माणसांना चपला काढून उभं करायचे, तिथून पटकन पुढे जायचं. "मी हे सांगणार नाही," मी म्हटलं. "आणि ज्यांना मी शिकवलंय, त्यांनाही सांगू देणार नाही."

"टेन्शन घेऊ नका. हा नुसता ड्राफ्ट आहे. बदलतो. प्रॉमिस."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला. आपला मुलगा, मराठीत बोलतोय, ताई म्हणतोय.

मग चाचणीची फेरी ठरली. युरोपातून काही ट्रॅव्हल एजंट आले होते, त्यांना आवडलं तर ते सामन्यांच्या वेळी माणसं पाठवणार. फेरी मीच घ्यायची होती. मी खालालाही बोलावलं. म्हटलं, पाहुण्यांना त्या भागातलं माणूस भेटेल.

सकाळी बस कच्च्या रस्त्याला लागली आणि लांबूनच मला वस्तीत काहीतरी पांढरं दिसलं. आधी वाटलं, तंबू. जवळ गेलो तर खांब! उंच, नक्षीदार, वर फुलापानांचे मुकुट. फायबरचे. त्यातले काही मुद्दाम अर्धे तोडलेले, जुने वाटावेत म्हणून. एकाला प्लास्टिकची वेल गुंडाळलेली. कतारच्या वाळवंटात द्राक्षाची वेल!

मी बसमधून उतरून जवळजवळ पळतच गेले. खांब उभे केले होते मशिदीच्या जमिनीत. वाऱ्याने पडू नयेत म्हणून खाली लोखंडी पट्ट्या, आणि पट्ट्या बसवायला जमीन फोडलेली. जुन्या गिलाव्याचे तुकडे बाजूला ढिगारा करून ठेवलेले, त्यावर कुणीतरी पाण्याची रिकामी बाटली टाकलेली. कोनाड्याच्या बरोबर समोर एक खांब. ज्या जमिनीवर मी आजवर पाय जपून टाकला, ती माझ्या डोळ्यांदेखत एखाद्या लग्नाच्या मांडवासाठी खणावी तशी खणलेली. ते खांब उपटून फेकायला माझे हात शिवशिवत होते.

मॅनेजर मागून आला. पाहुण्यांना कळू नये म्हणून हळूच मराठीत म्हणाला, "ताई, फक्त आजच्यापुरते आहेत. फोटोसाठी. परमिशन प्रोसेसमध्ये आहे. प्लीज, आता सीन करू नका."

"प्रोसेसमध्ये म्हणजे नाही."

"इन्शाल्ला मिळेल ना."

"जमीन आधी फोडायची आणि परवानगी मग इन्शाल्ला?"

पाहुणे गोळा झाले. त्यांच्यातल्या एकीने फोटो काढायला सुरुवात केली होती. मी हातात माईक घेतला आणि इंग्रजीत सांगितलं, जितकं सावकाश सांगता येईल तितकं: "हे खांब काल-परवा इथे आणले आहेत. ते प्लास्टिकचे आहेत. ही वस्ती रोमन नाही. तुम्ही उभे आहात ती मशीद आहे, आणि हे खांब लावण्यासाठी तिची जमीन फोडली आहे. कृपा करून खाली बघून मागे सरका."

मॅनेजर घाईघाईने पुढे आला. "आमच्या गाइड जरा भावनाप्रधान आहेत. वस्तीबद्दल तज्ज्ञांची वेगवेगळी मतं आहेत—"

"कुठल्या तज्ज्ञांची? नाव सांगा," मी म्हटलं.

तोवर खाला गर्दीतून पुढे आली होती. तिने त्या ढिगाऱ्यावरची बाटली उचलली आणि स्वतःच्या पिशवीत टाकली. मग मॅनेजरकडे वळून हिंदीत म्हणाली, "बेटा, माझी आजी आम्हाला इथे घेऊन यायची. पाऊस झाला की इथे चारा उगवायचा. ती सांगायची, आपल्या आधीही इथे लोक होते, नमाज पढायचे, जेवायचे, मरायचे. हे आपल्याच लोकांचं होतं असं सांगायला तुला काय अडचण आहे? दुसऱ्याचे कपडे घातल्याशिवाय आम्ही कुणाला दाखवण्यासारखे नाही?"

पाहुण्यांपैकी एका म्हाताऱ्या गृहस्थाने ती काय म्हणाली ते मला विचारलं. मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. त्याने टोपी काढली आणि त्या जमिनीवरून बाहेर जाऊन उभा राहिला. पण सगळ्यांनीच तसं केलं असं समजू नका. दोघं-तिघं खांबाला टेकून फोटो काढतच राहिले. एक तर मला म्हणाला, खांब असले तर लोक जास्त येतील, यात वाईट काय? त्या माणसाचा चेहरा मी विसरले नाही.

त्याच संध्याकाळी मला कंपनीतून फोन आला. खलास. उद्यापासून यायचं नाही.

घरी नवरा चिंतेत पडला. "आपण परक्या देशात आहोत. तू तक्रार करायला जाशील आणि उद्या माझ्या नोकरीवर आलं तर?" त्याची भीती खोटी नव्हती. इथे राहणारा प्रत्येक माणूस ती भीती उशाशी घेऊन झोपतो. पण मी म्हटलं, "तू पॉटलकला हसलास ना, तेव्हा मी गप्प बसले. आता नाही." मुलगी अभ्यासाच्या टेबलावरून ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, बोलत मात्र नाही. ती म्हणाली, "बाबा, शी इज राइट."

दुसऱ्या दिवशी खाला आणि मी जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी कचेरीत गेलो. त्या सकाळी मी काढलेले फोटो घेऊन. खालाने बोलायचं आणि मी जागा दाखवायची, असं आम्ही गाडीतच ठरवलं होतं. तिथल्या अधिकाऱ्याने फोटो पाहिले आणि तो उठून आत गेला. परत आला तो आणखी दोघांना घेऊन. त्या आठवड्यातच खांब काढले गेले. फोडलेली जमीन मात्र कोण परत जोडणार? जाणकार माणसं आली, त्यांनी तुकडे गोळा केले, वर जाड कापड अंथरून वाळूने झाकून टाकलं. सगळ्या वस्तीला तारेचं कुंपण पडलं आणि माझ्याही फेऱ्या बंद झाल्या. कुंपण हवंच होतं, हे मला कळत होतं. तरी पहिल्यांदा तारेच्या बाहेर उभी राहिले तेव्हा त्या कंपनीचा मला नव्याने संताप आला.

आणि आपली माणसं! मॅनेजरचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि तो परत गेला, तर इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एका मराठी मुलाच्या पोटावर पाय आणलात तुम्ही. चार खांबांचं एवढं काय?" मी त्यांना विचारलं, "उद्या कुणी तुमच्या गावच्या देवळाची फरशी फोडून त्यात प्लास्टिकचे खांब रोवले, आणि हे देऊळ ग्रीकांनी बांधलं म्हणून तिकीट लावलं, तर चालेल?" त्या म्हणाल्या, "त्याची आणि याची काय बरोबरी?" त्यानंतर मी त्या मंडळात फारशी गेले नाही.

पुढच्या हिवाळ्यात खालाने परवानगी मिळवली. लहान गट, सोबत पहारेकरी, झाकलेल्या भागापासून लांब. पहिल्या गटात कुणी परदेशी पाहुणा नव्हता. तिच्याच ओळखीच्या बायका होत्या, नाती-नातवंडं घेऊन आलेल्या. अल रय्यान आणि दोह्यात जन्म गेला, पण इथे त्या कधी आल्या नव्हत्या. विहीर आणि घरांची रचना मी इंग्रजीत सांगितली. मशिदीजवळ आल्यावर खाला म्हणाली, "आता मी."

ती अरबीत बोलायला लागली. मला तुटक तुटक कळत होतं: आजी, पाऊस, शेळ्या. एका मुलीने काहीतरी विचारलं, त्यावर खाला खाली बसली आणि बोटाने वाळूत त्या कोनाड्याचा आकार काढून दाखवू लागली. मुलं तिच्याभोवती वाकली. मी जरा मागे सरून पहारेकऱ्याशेजारी उभी राहिले. गटातल्या एका आजीबाईंनी माझा हात धरला, "शुक्रन" म्हणाल्या, आणि खालाचं बोलणं संपेपर्यंत तो सोडलाच नाही.