दरबाराचं पदक

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. नावही न विचारलेल्या माणसावर लिहितोय, क्षमा असावी.

बेळगावहून निपाणीला निघालेल्या मोटारीत, युद्धामुळे पेट्रोलऐवजी कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या, ते माझ्या शेजारी होते. कोटाचं बटण सोडत, लावत. प्रत्येक चढाला उठून विचारत, "पोचतो न्हवं?"

"अण्णा, लगीन हाय काय तुमचं?" ड्रायव्हर म्हणाला.

१९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी त्यांच्या शाळेत वाटलेली, साल कोरलेली, नाण्यासारखी चांदीची पदकं ते जमवत. गावातलं शेवटचं पदक एका घरच्या नव्या सुनेच्या जोडव्यांसाठी आटवायला निपाणीच्या सोनाराकडे गेलं होतं.

"चांदी ऱ्हातीया, पण साल जातंय," ते मला म्हणाले.

पुढे सोनाराकडूनच कळलं. ते पोचले तेव्हा जोडवी झाली होती. ती घालून दुकानात बसलेल्या त्या सुनेला, शाळेत पदकं वाटली गेली त्या दिवसाची सगळी हकिकत त्यांनी सांगितली.