आबांच्या जीपची पुढची चाकं

आधीच सांगून टाकतो — मी हे घाबरून लिहीत नाहीये, वैतागून लिहितोय. इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर जेवताना करमणूक म्हणून वाचत आलो. आमच्या घरात भूत, नवस, अंगारे-धुपारे यांना कधीच थारा नव्हता. आम्ही बौद्ध, आणि माझे वडील, म्हणजे आबा, या बाबतीत फारच कडक. धुळे ते शिंदखेडा काळी-पिवळी जीप चालवायचे, पण गाडीला आयुष्यात लिंबू-मिरची बांधली नाही. मांजर आडवं गेलं म्हणून कोणी पॅसेंजर थांबायला सांगू लागला, तर म्हणायचे, तू उतर आणि मांजरासोबत जा. अशा माणसाच्या बाबतीत मला इथे येऊन अमानवीय अनुभव लिहावा लागतोय... चिडचिड होणार नाही तर काय.

मी राहतो जळगावला. एमआयडीसीतल्या एका पाईप कारखान्यात क्वालिटीला आहे. प्लॅस्टिक तापवायचं, ओढायचं, वाकवायचं, कुठे तुटतं ते बघायचं, हे माझं काम. आणि घरी आल्यावर छंद काय, तर परत प्लॅस्टिकच. गाड्यांची मॉडेल किट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — खोक्यात तयार गाडी नसते. प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले बारीक बारीक भाग असतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. एका गाडीला कित्येक महिने जातात. त्यातून जळगावचा उन्हाळा, म्हणजे स्प्रेमधून निघालेला रंग गाडीवर पोचायच्या आधीच वाळतो. कूलर लावावा तर साइड मिरर उडून पलंगाखाली जातो आणि तो या जन्मात परत सापडत नाही. तरी करतो. हॉलमध्ये कूलरच्या वरच्या बाजूला भिंतीवर एक लांब प्लायची फळी ठोकली होती, तिच्यावर माझ्या सगळ्या गाड्या एका ओळीत, तोंडं पुढे करून, सरळ उभ्या.

आबांना हा छंद कधी पटला नाही. ते जळगावला आले की चहा घेत फळीसमोर उभे राहायचे आणि विचारायचे, "यातली एक तरी चालते का?" मग एखादी गाडी उचलून, उलटसुलट करून, चाक बोटाने वळवून बघायचे. माझ्या गाड्यांची पुढची चाकं वळत नाहीत, मी ती सरळ चिकटवतो. फिरतात, पण वळत नाहीत. हे कळलं की ते गाडी परत ठेवून द्यायचे.

"गाडी चालवता कोणालाही येते," म्हणायचे. "लावता आली पाहिजे. तुला लावता येत नाही."

दर वेळी हेच. काय चुकतंय ते मात्र कधी सांगायचे नाहीत. मीही कधी विचारलं नाही, कारण मला राग यायचा.

गेल्या वर्षी आबा गेले. पहिलं पुण्यस्मरण शिंदखेड्याला करायचं ठरलं. आई तिथे माझ्या मोठ्या भावाकडे असते. फोनवर ती म्हणाली, "आबासनी गाडी बनाड ना भाऊ. फोटोजोडे ठेवसूत." म्हणजे आबांची गाडी बनव, फोटोशेजारी ठेवू. आबांची जीप तर कधीच भंगारात गेली होती. ती माझ्या हातून परत उभी राहावी, गावातल्या लोकांनी बघताक्षणी ओळखावी, आणि खरं सांगायचं तर आबांना नाव ठेवायला जागा राहू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. हा माणूस आता नाव ठेवायला नाहीच, हे कळत होतं, तरी.

किट मागवलं परदेशी लष्करी जीपचं, एकास चोवीस प्रमाणात. त्याचं स्टिअरिंग डावीकडे. ते कापून उजवीकडे आणलं. मागचा भाग लांब केला, समोरासमोरची बाकडी बसवली, वर ताडपत्रीचा टप, खाली काळा आणि वर पिवळा रंग. आबांच्या जीपला हँडब्रेक नावालाच होता. आमच्या गल्लीला नदीकडे चांगला उतार. त्यामुळे आबांनी गाडी लावली की मागच्या चाकाखाली दगड लावायचा, हे लहानपणी माझं काम. गाडीचा आवाज आला की मी दगड घेऊन तयार. म्हणून मॉडेललाही मागच्या चाकाखाली एक बारीक खडा लावला, डिंकाच्या थेंबाने. बाकी जीप झकास झाली होती. आणि मग चाकांचं सुरू झालं.

एका रविवारी सकाळी बघतो तर पुढची दोन्ही चाकं डावीकडे वळलेली. थोडी नाही, चांगलीच. मला वाटलं, घाईत माझ्याच हातून वाकडी चिकटली असतील. जोड कापला, घासला, परत सरळ चिकटवला. इथे एक समजून घ्या. आम्ही जे वापरतो तो फेविकॉलसारखा गोंद नसतो. तो प्लॅस्टिक विरघळवतो आणि दोन तुकडे वाळून एक होतात. नंतर जोर लावला तर तुटेल, वळणार नाही. हे मी तुम्हाला छंद म्हणून सांगत नाही, पगार घेऊन हेच तपासतो.

दोन-चार दिवसांनी संध्याकाळी कामावरून आलो तर चाकं परत डावीकडे. जोड तुटलेला नाही. भिंगाखाली पाहिला, तडा नाही, चीर नाही. रंगसुद्धा उडालेला नाही. जणू पहिल्यापासून तशीच चिकटवली होती.

मग अर्थातच घरात भांडण. बायको प्रज्ञा म्हणाली, "मी त्या फळीला हात लावत नाही, मागे एकदा धूळ पुसली तर आठवडाभर बोलत नव्हतास." ते खरं होतं. मुलगी पुण्याला शिकायला. कामवाल्या मावशींना विचारलं तर त्यांना इतकं वाईट वाटलं की प्रज्ञाने मला स्वयंपाकघरात बोलावून झापलं. मी परत कापलं. या वेळी आतून पितळी तारेची पिनही घातली. जीप लोखंडी कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. पुढच्या रविवारी उघडलं... डावीकडे. तारही आतल्या आत वाकलेली.

त्या दिवशी मी जीप जवळजवळ भिंतीवर फेकली असती. पुण्यस्मरण जवळ आलेलं, आणि मी एकच जोड परत परत करत बसलोय. दर वेळी कापायचं म्हणजे प्लॅस्टिक कमी होत जातं, शेवटी तिथे चिकटवायलाच काही उरणार नाही. भीती वगैरे काही वाटत नव्हती. डोकं मात्र फिरलं होतं.

धुळ्याला माझे एक मित्र आहेत, इरफानभाई. चष्म्याचं दुकान आहे आणि माझ्याइतकेच वेडे. घरात न उघडलेल्या किटची खोकी इतकी की भाभी त्यांना त्या खोक्यांतच झोपायला सांगतात. जीपची पुढची काच त्यांच्याकडूनच करून घ्यायची होती. फ्रेममध्ये येतात ना त्या नमुन्याच्या प्लॅस्टिकच्या काचा, त्यांतून ते अशा सफाईने कापतात की बघत राहावं. मी जीप घेऊन गेलो आणि चाकांचं सगळं सांगितलं.

ते हसले. "अरे भाऊ, जळगावची गरमी. प्लॅस्टिक नरम पडतं."

"नरम पडलं तर खाली बसेल. दर वेळी डावीकडेच कसं वळेल?"

"बरं, मी लावून देतो. माझ्या दुकानात एसी आहे. दोन दिवस राहू दे इथेच."

त्यांनी स्वतःच्या हाताने चाकं सरळ चिकटवली, काच बसवली आणि जीप महागड्या फ्रेमच्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप घातलं. मी जळगावला परतलो. दुसऱ्या दिवशी दुपारी, मी कारखान्यात असताना त्यांचा फोन. आवाजातलं हसणं गेलं होतं.

"भाऊ, ही गाडी घेऊन जा."

"वळली?"

"गिऱ्हाईकाला फ्रेम दाखवायला कपाट उघडलं तर... मी नमाजी माणूस आहे, मला या लफड्यात नका घेऊ. आणि एक सांगू का, आता सरळ करू नका. ज्याची गाडी आहे त्याला तशीच पाहिजे असेल."

हे ऐकून मी त्यांच्यावरच चिडलो. ज्याची गाडी आहे तो माणूस असल्या गोष्टी बोलणाऱ्याला जीपमधून उतरवायचा, हे त्यांना कुठून माहीत असणार. पण सरळ करायचं बळ माझ्यातही उरलं नव्हतं. जीप आणली आणि वाकड्या चाकांसकट फळीच्या अगदी टोकाला, तिच्या डाव्या हाताच्या आडव्या भिंतीला खेटून ठेवली, म्हणजे ओळीत नको दिसायला.

पुण्यस्मरणाच्या आदल्या दिवशी दुपारी प्रज्ञाचा कारखान्यात फोन आला. "तू आधी घरी ये," एवढंच म्हणाली.

कूलरच्या ओलीने भिंत आतून फुगली होती. फळीचे ब्रॅकेट सैल होऊन फळी पुढच्या बाजूला कलली, आणि माझ्या सगळ्या गाड्या एकामागून एक घरंगळत खाली फरशीवर. मी दारातच उभा राहिलो. बंपर, दारं, चाकं... कुठल्या गाडीचं काय ते ओळखू येत नव्हतं. कित्येक वर्षांचं काम सुपलीत भरायच्या लायकीचं झालं होतं. मला रडू आलं, आणि ते लपवायचा प्रयत्नही मी केला नाही.

"वर बघ," प्रज्ञा म्हणाली.

कललेल्या फळीवर एकच गाडी उभी होती. आबांची जीप. बाकीच्या गाड्या सरळ चाकांवर सरळ खाली गेल्या. हिची चाकं वळलेली, त्यामुळे ती जरा पुढे सरकून बाजूच्या भिंतीला टेकली आणि तिथेच अडकली. मागच्या चाकाखालचा माझा खडा मात्र निसटून कुठेतरी पडला होता.

मी जीप बुटाच्या खोक्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही शिंदखेड्याला गेलो. वंदना झाली, लोक बोलले. जीप आबांच्या फोटोशेजारी होती. गावच्या जुन्या ड्रायव्हरांनी ती लगेच ओळखली, एकाने तर बाकड्यावर आपली जागाही दाखवली. जेवणं उरकल्यावर आई जवळ येऊन बसली. तिने मॉडेल पहिल्यांदाच बघितलं होतं आणि चाकांचा प्रकार मी तिच्या कानावर घातलेला नव्हता.

"गाडी बरी लायी तू," ती म्हणाली. "तुना आबा लायेत तशीच."

"तशीच लावली म्हणजे? आबा कशी लावायचे?"

"चाक ओटाकडे वळाईसन. हँडब्रेक कोठे व्हता तिले? उतारवर चाक ओटाले टेकाडी ठेवेत. मंग गाडी सरकसच नही."

म्हणजे पुढची चाकं घराच्या ओट्याकडे वळवून त्याला टेकवायची, मग उतारावरही गाडी सरकत नाही. माझ्या आठवणीत जीपची पुढची चाकं नाहीतच. मी कायम मागे असायचो, दगड घेऊन.

"आणि दगड?" मी विचारलं. "दगड तर मी लावायचो ना?"

आई हसली. "दगडनं काम तुले देयेल व्हतं, तू गाडीना पुढे नही येवाले पाहिजे म्हनीसन. भरोसा चाकवर व्हता त्यासना."

म्हणजे दगड होता तो मी गाडीच्या पुढे येऊ नये म्हणून; आणि इतकी वर्षं मला वाटत होतं की आमची जीप माझ्या दगडावर उभी असते. एक मिनिट मला आबांचा असा राग आला म्हणून सांगू, आणि लगेच ते इतके आठवले की मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

आता तुम्ही विचाराल की चाकं कोणी वळवली. मला माहीत नाही. उष्णता म्हणावी तर धुळ्याच्या एसीत का वळली. कोणाची खोडी म्हणावी तर कुलपाच्या आत कोण गेलं. पितळी पिन मी कारखान्यात नेऊन तपासली, ती जोराने वाकवल्यासारखी आहे, एवढंच कळलं. आणि आबा म्हणावं तर आबाच मला म्हणतील, उतर आणि मांजरासोबत जा. माझ्याकडे उत्तर नाही, आणि नसलेलं उत्तर मला अजूनही सहन होत नाही.

जीप आता माझ्याकडे आहे, नव्या फळीवर. शिंदखेड्याहून आणल्यापासून तिची चाकं तसूभरही हललेली नाहीत. घर झाडताना पलंगाखाली तो खडा सापडला. तो मी परत मागच्या चाकाखाली लावून ठेवलाय. त्याचा काही उपयोग नाही, हे आता मला ठाऊक आहे. पण ते काम मला दिलेलं आहे.