डोहातली बाभूळ

सुतारआळीतून जाताना ओल्या बाभळीच्या भुशाचा तुरट वास आला आणि मला सात-आठ वर्षांपूर्वीचा पवना नदीचा डोह आठवला.

बैलगाडीच्या चाकांसाठी बाभळीचे ओंडके आमच्या गावात महिनोन्‌महिने पाण्यात बुडवून ठेवतात. मग लाकडाला भुंगा लागत नाही. तेव्हा वीटभट्टीच्या मुकादमाला वाटलं, माल टाकून दिलेला आहे. तो गडी घेऊन ओंडके न्यायला आला. माझी आत्या लुगडं खोचून पाण्यात शिरली आणि एका ओंडक्यावर बसली.

"अहो बाई, कुजलंय ते!"

"कुजलंय व्हय? मग त्या पल्याडच्यावर घाल की घाव, दादा."

त्यानं घातला. टणकन आवाज झाला, कुऱ्हाड उलटी उसळली. काठावरच्या बायका खदखदून हसल्या.

"ह्याची चाकं व्हायची हायेत. भट्टीला दुसरं बघ."

तेव्हा मला ती नुसती गंमत वाटली. ओंडके गेले असते तर चाकांवाचून गावाच्या गाड्या अडून बसल्या असत्या, हे आता कळतं.

उद्या नव्या कारखान्याचा ठेकेदार तोच डोह बुजवायला येतोय, आत ओंडके असताना! अर्ज झाले, पत्रकं वाटून झाली. आत्या म्हणते, "कागुद भिजला की संपला, बाभूळ न्हाई."

उद्या मी तिच्या शेजारच्या ओंडक्यावर बसणार आहे.