रंगबाईची झाडाझडती

ऑफिसात तिला सगळे रंगबाई म्हणत. ती वरवर नाक मुरडायची, पण मनातून तिला ते आवडायचं. गोळ्यांची वेळ सांगणारं एक मोबाइल ॲप तिथे बनत होतं आणि त्यातल्या रंगांची फाइल हिच्या गळ्यात पडली होती. फाइल कसली, नुसता उकिरडा! एकट्या राखाडीचेच केवढे भाऊबंद: ग्रे, ग्रे-नवा, ग्रे-फायनल, ग्रे-खरंच-फायनल. दुसऱ्याच्या रंगाला हात लावायची कुणाची छाती नव्हती, म्हणून जो तो आपला नवा रंग घालून मोकळा व्हायचा.

हे असंच चाललं असतं, पण तिच्या बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. बाबा एकटे राहायचे आणि गोळ्या याच ॲपच्या भरवशावर घ्यायचे. आता तो पांढराशुभ्र पडदा त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागला, ते फोनकडे बघेनासे झाले आणि गोळ्या चुकायला लागल्या. रंगबाईच्या जिवाला घोर लागला.

"साहेब, डार्क मोड करू या."

"कर, पण झटपट," साहेब म्हणाले.

मग तिने झटपटच केलं. फाइलीत 'पांढरा' या नावापुढे त्या रंगाचा आकडा होता, तो खोडून काळ्याचा टाकला आणि अक्षरांच्या काळ्यापुढे पांढऱ्याचा. सगळा पडदा क्षणात काळा! त्याच संध्याकाळी तिने खुशीत ते ॲप बाबांच्या फोनवर चढवलं.

दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. "अगं, गोळी घेतली, बटणही दाबलं, पण ती बरोबरची खूण काही उमटत नाही. परत घेऊ का?"

"नका घेऊ!" ती अशी ओरडली की शेजारी ॲप तपासत बसलेल्या टेस्टरचा चहा सांडला.

घोडं कुठे अडलं ते तिला लगेच कळलं. गडद बटणावरची ती खूणही त्याच 'पांढऱ्या'तून रंगवलेली होती. पडदा काळा झाला, तशी खूणही काळी झाली.

त्या दिवसापासून तिने पदर खोचला. नवं ॲप येईपर्यंत बाबांनी गोळी घेतली की फोन करायचा, असं ठरलं. इकडे ती एकेका रंगाला फैलावर घ्यायला लागली. "पांढरा आहेस ते दिसतंय मला. तू करतोस काय?" जो जे करेल ते त्याचं नाव: पडदा, मजकूर, बटण, बटणावरची खूण, धोका. टेस्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "हळू बोला, आत मुलाखती चालल्यात." ग्रे-खरंच-फायनल काहीच करत नव्हता. तिने त्याला नारळ दिला.

"तो माझा होता," साहेब पडेल आवाजात म्हणाले.

बाबांचा फोन रोज यायचा. गोळीचं एका वाक्यात उरकायचं. मग गॅलरीत येणारं मांजर, गळका नळ, मग पुन्हा मांजर. ती ऐकता ऐकता रंग लावत बसायची.

शेवटी नवं ॲप बाबांच्या फोनवर गेलं. दुसऱ्या दिवशी फोन आलाच नाही. तिनेच घाईघाईने लावला.

"बाबा, गोळी?"

"घेतली की! खूण अगदी लख्ख दिसतेय."

"मग फोन का नाही केलात?"

"आता खूण दिसते ना. म्हटलं, तुला कामात कशाला त्रास?"

आत्ता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस ती प्रत्येक रंगाला काम विचारत होती आणि या रोजच्या फोनचं काम म्हणजे नुसती गोळी, असं तिने धरलं होतं.

"बाबा," ती खुर्ची मागे सरकवत म्हणाली, "आज मांजर आलं होतं का?"

"आलं होतं ना! अगं, काय सांगू तुला..."