राजाचा घोडा आणि होळीची विहीर

प्रिय नील आणि ईरा,

इथे होऊ घातलेल्या राजाच्या स्मारकाचं चित्र मी पाठवलं आणि तुम्ही दोघांनी त्यावर टाळ्यांची चिन्हं धाडलीत. मी ते कौतुकाने पाठवलं नव्हतं. ते चित्र ज्यावरून उचललंय, ते रोमचं स्मारक मी नुकतंच पाहून आले. म्हणून आता क्रमाने लिहिते.

वसईतल्या होळी गावची फिलोमिना तुम्हाला माहीत आहे. एव्हरशाईन कॉलनीत आपल्या दाराशी वांगी-पडवळ घेऊन येते ती. तिच्या चर्चची मंडळी रोमच्या यात्रेला निघाली, एक जागा रिकामी राहिली, मी गेले. तिच्या पर्समध्ये स्मारक समितीचा कागद होता. ‘रोमच्या धर्तीवर भव्य स्मारक’, आणि जागा कुठली, तर तिची वाडी (विहिरीच्या पाण्यावर केलेली भाजी-फुलांची बाग), विहिरीसकट! परतल्यावर तिने सही करायची होती.

“राजाला नाय कसं म्हनायचं, बाई?” विमानात ती म्हणाली. “त्यात आमी चर्चवाले. लोक काय बोलतील?”



रोम सगळं मातकट, मधाच्या रंगाचं शहर आहे. त्यात एकदम हे पांढरंफटक समोर आलं. खांबांवर खांब, त्यांवर रथ, रथांत पंखवाल्या बायका. शोकेसमध्ये घरातली झाडून सगळी भांडी मांडावीत, तसं. तिथले लोक त्याला टाइपरायटर म्हणतात. मला विरारच्या हॉलमधलं थर्माकोलचं लग्नाचं स्टेज आठवलं.

वसईचेच एक तरुण फादर तिथे शिकतात. त्यांनी इतिहास सांगितला. इटलीतली विखुरलेली राज्यं ज्याच्या झेंड्याखाली एक झाली, त्या राजाचं हे स्मारक, तो गेल्यावर बांधायला घेतलेलं. काम इतकं रेंगाळलं की त्याचा मुलगाही उद्घाटनापर्यंत उरला नाही. ते नातवाच्या हातून झालं. जवळचा दगड चालेना म्हणून दूर उत्तरेतून आणला. राजाचा घोडा तर एवढा, की तो ओतून झाल्यावर लोकांनी त्याच्या पोटात टेबल मांडून मद्याचे पेले उंचावले. त्याचा फोटोही आहे. देश जोडणारा राजा वर, आणि खाली पोकळ पोटात पार्टी.

“फादर, इथं आधी काय व्हतं?” फिलोमिनाने विचारलं.

“वस्ती. टेकडीच्या उतारावर घरं, गल्ल्या, मठाचा भागही. सगळं पाडलं.”

“मानसं कुठं गेली?”

“ते मला कुठल्या पाटीवर सापडलं नाही,” फादर म्हणाले.

मग आम्ही दोघी पायऱ्यांवर टेकलो आणि तिने सुकेळी (उन्हात सुकवलेली पिकली राजेळी केळी) काढली. पहिला घास घेतोय तोच शिट्टी! पहारेकरी हातवारे करत आला: बसायचं नाही, खायचं नाही, उठा.

“घरं पाडून बांदलं, आनि वर टेकायची पन चोरी?” फिलोमिना त्याला ठणठणीत मराठीत म्हणाली. त्याने पुन्हा शिट्टी फुंकली. आम्ही बसची वाट पाहत उभ्यानेच सुकेळी खाल्ली.

परतल्यावर समितीचे दोघे वाडीत आले, तेव्हा मी तिथेच होते. कडक इस्त्रीचे कपडे, हातात पेन.

“मावशी, राजांसाठी एवढं तर कराल ना?”

“राजासाठी करीन. पन तो मानसं उठवून मोठा झाला का, त्ये सांग आदी.”

“तुम्हाला अभिमान नाही वाटत?”

“वाटतो तर! पन ह्या विहिरीचं पानी तीन घरांच्या पाळीचं हाय. माजी पाळी मंगळवार आनि शनवार. दोनच वार माजे. तेवढ्यावर आख्खी विहीर कशी लिवून देऊ, बाबा?”

एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. कागदावर वारांसाठी रकाना नव्हता. ‘पुन्हा येतो’ म्हणून गेले. येतीलही, दुसऱ्याच्या जागेवर भक्ती करणाऱ्यांना दम फार असतो.

राजांविषयी माझी तक्रार नाही, मुलांनो. त्यांच्या नावाचा दगड लावून लोकांना उठवणाऱ्यांविषयी आहे. रोममध्ये कोणाला उठवलं, ते विचारायलाही आता कोणी उरलेलं नाही.

होळीतली विहीर आज आहे. तिला पाणी आहे, आणि तिन्ही घरं आपापल्या वारी ते काढतात.

तुमची आजी